२७ आणि ४१: जिल्हा हॉकी संघातल्या एका जागेचे प्रकरण

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता जिल्ह्याच्या सब-ज्युनिअर मुलांच्या हॉकी संघाची यादी शाळेच्या फलकावर लागली. चाचणीला ६४ मुले आली होती, जागा १८. रात्री नऊच्या आत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ फिरू लागली: “किट दिलं, पोरगा लागला.”

ती ओळ खरी नव्हती. पण यादीही बरोबर नव्हती. चूक वेगळ्याच ठिकाणी झाली होती, आणि वशिल्याच्या संशयाने ती इतकी झाकून गेली की शोधायला दोन दिवस लागले.

हे प्रकरण नमुन्यादाखल रचले आहे. त्यातली माणसे काल्पनिक आहेत, जिल्ह्याला नाव दिलेले नाही, आणि दोन मुलांना त्यांच्या छातीवरच्या क्रमांकांनीच ओळखायचे आहे: २७ आणि ४१. दोघेही फॉरवर्ड.

जिल्हा संघात नाव येण्याला खेळाबाहेरही किंमत आहे, हे आधी मान्य करायला हवे. दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडा गुणांची सवलत मिळते, ती जास्तीत जास्त २५ गुणांची. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; त्यासाठी लागणारी कामगिरी बरीच वरच्या पातळीची असली, तरी तिकडची वाट जिल्हा संघातूनच सुरू होते. कागदाला असा भाव आला की कागदासाठी धडपड होते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झालेलीच आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा बाप चाचणीच्या आधी कुणाला तरी फोन करतो, तेव्हा त्याच्या मनात ऑलिंपिक नसते, पुढची दहा वर्षे असतात. म्हणून त्याला खलनायक समजून चालत नाही. पण त्या फोनची किंमत दुसऱ्याच घरात मोजली जाते. फलटण तालुक्यातल्या आसू गावची, शेतकरी घरातली वैष्णवी फाळके राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडत भारतीय महिला हॉकी संघापर्यंत गेली. पुण्याजवळच्या खडकीतून भारताचा माजी कर्णधार धनराज पिल्ले आला. अशी मुले पहिल्याच चाळणीत गळाली, तर काय गमावले हे पुढे कुणालाच कळत नाही.

जुलै: गोलकीपरचे किट

संघटनेकडचे गोलकीपरचे किट फाटले होते. लेग गार्डचा फोम बसला होता, किकरचे, म्हणजे बुटांवरच्या संरक्षकांचे, पट्टे तुटले होते, हेल्मेटची जाळी वाकली होती. क्र. २७ चे वडील बांधकाम कंत्राटदार. पालकसभेत ते उठून म्हणाले, “किट माझ्याकडून.” आठवड्यात ४२,००० रुपयांचा नवा संच आला: लेग गार्ड, किकर, चेस्ट गार्ड, हँड प्रोटेक्टर, थ्रोट गार्ड, हेल्मेट. नारळ फुटला, फोटो निघाला, ग्रुपवर “संघटनेचे आधारस्तंभ” अशा शब्दांत आभार मानले गेले. पावती मात्र कुणीच फाडली नाही.

प्रकरणाची पहिली गाठ इथे पडली. वशिला चाचणीच्या दिवशी पाकिटात येतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो दोन-तीन महिने आधी मदत म्हणून येतो, आणि ती मदत बहुतेक वेळा मनापासूनचीच असते. जिल्हा संघटना पदरमोडीवर चालतात; चेंडू, बस, जेवण सगळे कुणीतरी उभे करते, आणि ते कुणीतरी बहुधा पालकच असतात. पालकांकडून घ्यायचेच नाही असा नियम केला तर संघ मैदानात उतरणार नाही. घ्यावे, पण त्याच दिवशी वस्तू कुणाची झाली आणि तिच्या बदल्यात काय मिळणार नाही, हे कागदावर यावे. ते झाले नाही.

ऑगस्टमध्ये चहाच्या टपरीवर हेच वडील एका निवडकर्त्याला म्हणाले, “सर, पोराकडं लक्ष असू द्या.” यात मागणी काही नाही. चाचणीच्या आठ दिवस आधी मात्र नगरसेवकाच्या कार्यालयातून सचिवांना फोन आला: “आपल्याच माणसाचा मुलगा आहे, बघा जरा.” सचिव म्हणाले, “बघतो, साहेब.”

या “बघतो”ने जेवढे नुकसान केले तेवढे पुढे कशानेच केले नाही. सचिवांच्या मनात तो नम्र नकार होता. फोन करणाऱ्याने तो होकार समजला, आणि वडिलांनी चौघांना सांगितले की शब्द मिळालाय. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय नाही, म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवावे लागते आणि ते सगळ्यांना सारखेच द्यावे लागते. उदाहरणार्थ: “साहेब, निवड तिघांच्या गुणांवर होते, मी गुण देत नाही. तुमचा फोन वहीत लिहून ठेवतो आणि यादी लागल्यावर निवड समितीसमोर वाचतो.” वहीत तारीख, कुणाचा फोन, कोणत्या मुलासाठी, एवढेच लिहायचे. वही आहे हे एकदा कळले की फोन कमी येतात, आणि आलेले फोनही ‘चाचणी किती वाजता आहे’ एवढ्यावरच थांबतात.

पालकांना सांगण्यासारखे काही नसते असे मात्र नाही. क्र. २७ शनिवार-रविवारी पुण्याला जाऊन टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, सराव करत होता. राज्य स्पर्धा टर्फवर, चाचणी मुरमाच्या मैदानावर. मुरमावर चेंडू उसळतो, ट्रॅपिंग, म्हणजे स्टिकने चेंडू थांबवणे, बिघडते, आणि टर्फवर सफाईदार खेळणारा मुलगा इथे साधारण दिसू शकतो. ही माहिती निवडकर्त्यांच्या कामाची होती, पण ती टपरीवर आणि फोनवरून आली, म्हणून दबाव ठरली. चाचणीच्या सात दिवस आधी प्रत्येक पालकाकडून एक पानाचा अर्ज घेतला असता, तर ती सरळ वाटेने पोहोचली असती. खेळायची जागा, दुखापत, कोणत्या पृष्ठभागावर सराव, कोणत्या अकादमीत, निवडकर्त्यांपैकी कुणाशी नाते: एवढे रकाने पुरतात.

चाचणी

मांडणी कागदावर तरी चांगली होती. संघात २ गोलकीपर, ५ बचावपटू, ६ मधल्या फळीतले, ५ फॉरवर्ड घ्यायचे ठरले. आलेल्यांत ६ गोलकीपर, १८ बचावपटू, २० मधले आणि २० फॉरवर्ड. गुण १००: सामन्यातला खेळ ६०, स्टिकवर्क २५, तंदुरुस्ती १५. शनिवारी धावणे, शंकूंमधून ड्रिबलिंग, हिट आणि ट्रॅप, एकास-एक टॅकल, मग पाच-पाचचे छोटे सामने. रविवारी अकरा-अकराचे सामने.

छातीचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून दिले. मुलांची ओळख लपावी म्हणून हे करतात, पण जिल्ह्यात हॉकी खेळणाऱ्या शाळा चार. निवडकर्ता पोराला चालीवरून ओळखतो. चिठ्ठीचा खरा उपयोग गट पाडायला आहे. अकादमीची मुले एका गटात पडली तर एकमेकांच्या हालचाली ठाऊक असल्यामुळे सगळीच चांगली दिसतात, आणि कच्च्या मधल्या फळीपुढे उभ्या केलेल्या फॉरवर्डला वीस मिनिटांत चारदा चेंडू मिळतो. म्हणून प्रत्येक मुलगा किमान तीन वेगवेगळ्या गटांतून खेळायला हवा. इथे दोनच झाले, कारण रविवारी ऊन चढल्यावर शेवटचा सामना रद्द केला.

पालक बाजूच्या रेषेला खेटून उभे होते. हे सगळीकडे चालते आणि सगळीकडे त्रासदायक ठरते. बाप “मार, मार” म्हणून ओरडला की मोकळ्या जोडीदाराला पास देणारा मुलगाही डी-च्या (गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावरून हिट मारतो, आणि गुण मुलाचे जातात. निवडकर्त्यांच्या समोरच्या बाजूला, रेषेपासून पंधरा मीटर मागे दोरी बांधली की निम्मा प्रश्न मिटतो.

निवडकर्ते तीन. ‘अ’ सर जिल्ह्यातली एकमेव अकादमी चालवतात. ६४ पैकी ९ मुले त्यांची, त्यांतलाच क्र. २७. ‘ब’ आणि ‘क’ जुने खेळाडू. हितसंबंधाचा प्रश्न संघटनेने आधीच ओळखला होता आणि नियम केला होता: निवडकर्त्याने स्वतःच्या विद्यार्थ्याला दिलेले गुण धरायचे नाहीत, त्या मुलाची सरासरी उरलेल्या दोघांच्या गुणांवर काढायची. ऐकायला निर्दोष वाटणारा नियम. यादी यानेच चुकवली.

बेरीज

‘अ’ सरांचा हात आखडता. त्यांचे सरासरी गुण ५२, तर ‘ब’ यांचे ६१ आणि ‘क’ यांचे ६३. गुणपत्रके अशी होती. क्र. ४१ ला ‘अ’ यांनी ५९, ‘ब’ यांनी ६८, ‘क’ यांनी ७० दिले. क्र. २७ ला ‘अ’ यांनी ५५, ‘ब’ यांनी ६६, ‘क’ यांनी ६८.

तिघांनीही ४१ ला वर धरले आहे. खुद्द ‘अ’ सरांनी आपल्या विद्यार्थ्यापेक्षा परक्या मुलाला चार गुण जास्त दिले आहेत. आता नियम लावा. ४१ हा ‘अ’ यांचा विद्यार्थी नाही, म्हणून तिघांची सरासरी: १९७ भागिले ३, म्हणजे ६५.६७. २७ हा विद्यार्थी आहे, म्हणून दोघांची: १३४ भागिले २, म्हणजे ६७. पहिले चार फॉरवर्ड निर्विवाद होते. पाचव्या जागेवर २७ आला, ४१ सहावा राहिला.

कडक परीक्षकाचे गुण फक्त त्याच्याच मुलांच्या हिशेबातून काढले की त्या मुलांची सरासरी आपोआप वर चढते. अकादमीच्या नऊच्या नऊ मुलांना हा फायदा मिळाला होता. पहिल्या दहा-बारा मुलांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, ती कोणत्याही हिशेबाने आतच असतात. कोणत्याही निवडीत खरी मारामारी शेवटच्या चार-पाच जागांची असते. वशिला तिथेच चालतो, बेरजेची चूकही तिथेच लागू पडते, आणि दोन्हींचा परिणाम बाहेरून अगदी सारखा दिसतो. शिवाय कुणाच्या मनात पाप असते, तर हाच नियम उलटाही वापरता आला असता: परक्या मुलांना मुद्दाम कमी गुण द्यायचे, आपल्यांचे तर धरलेच जाणार नाहीत.

मंगळवार ते गुरुवार

क्र. ४१ ची आई अंगणवाडी सेविका. ग्रुपवरच्या भांडणात त्या पडल्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांनी अर्ध्या पानाचा अर्ज दिला: माझ्या मुलाचे गुण मला पाहायला मिळावेत. कुणावर आरोप नाही. दाद मागायची म्हणजे कशी, याचा हा उत्तम नमुना आहे. “अन्याय झाला” या अर्जावर संघटना चर्चा करत बसते; “गुण दाखवा” म्हटले की कपाट उघडावे लागते.

गुण दाखवायचा नियम नव्हता. सचिवांनी योग्य निर्णय घेतला: मुलाचे स्वतःचे तिन्ही गुण दाखवायचे, इतरांचे फक्त क्रमांक, सरासरी आणि ती किती जणांच्या गुणांवर काढली ते, नावे नाहीत. आईंनी वहीच्या कागदावर आकडे उतरवून घेतले आणि विचारले, “२७ ला दोनच जणांचे गुण कसे?” तेव्हा सचिवांच्या लक्षात आले.

बुधवारी दुपारी तिन्ही निवडकर्ते आणि शेजारच्या जिल्ह्यातले एक पंच बसले. वाटा दोन होत्या. गुणांऐवजी प्रत्येक निवडकर्त्याच्या यादीतले स्थान धरायचे, म्हणजे हात आखडता की सैल याने फरक पडत नाही. किंवा ज्या जागेच्या शर्यतीत ‘अ’ सरांचा एक जरी विद्यार्थी आहे, त्या जागेच्या सगळ्याच मुलांचे ‘अ’ सरांचे गुण बाजूला ठेवायचे. दुसरी वाट पालकांना समजावायला सोपी म्हणून ती घेतली. ४१ ला ६९, २७ ला ६७. बचाव आणि मधल्या फळीतही हाच हिशेब पुन्हा केला. तिथे कोणतेही नाव बदलले नाही. गोलकीपरांत अकादमीचा कुणी नव्हता. पहिल्या वाटेने पडताळले तरी हीच पाच नावे आली. असे दोन्हीकडून पडताळल्याशिवाय जाहीर झालेली यादी बदलू नये. दर अर्जागणिक यादी हलली तर तिच्यावर कुणाचा भरवसा राहत नाही.

आता २७ ला सांगायचे होते. ‘अ’ सरांनी त्याला फलकावर नवी यादी लागायच्या आधी मैदानावर बोलावून एकट्याला सांगितले: बेरीज आमची चुकली, तुझा खेळ चुकला नाही, तू राखीव फॉरवर्डमध्ये पहिला आहेस. वडिलांना सचिवांनी नंतर वेगळे बोलावले. हा क्रम महत्त्वाचा आहे. बातमी बापाच्या रागातून मुलापर्यंत पोहोचली तर मुलाला फक्त अपमानच कळतो. या सगळ्या प्रकारात त्याने काहीही केले नव्हते. आणि संघात राहिला असता तरी अठरा मुलांच्या डॉर्मिटरीत ‘किटवाला’ म्हणून त्याला चार रात्री काढाव्या लागल्या असत्या, हे मोठ्यांपैकी कुणीच आधी मनात आणले नव्हते.

वडिलांचे म्हणणे सरळ होते. शब्द देऊन फिरवला. आता दबाव आला तो ४१ च्या बाजूने. त्यांना गुणपत्रक दाखवले, त्यांनी पाहिले नाही. सचिवांना मनापासून वाटत होते की आकडे समोर ठेवले की माणूस पटवून घेईल. पण जुलैचा फोटो आणि फोनवरचे “बघतो” यांच्यापुढे आकड्यांना वजन उरले नव्हते. कुणीही फोन केला नसता, किट दिले नसते, तर हीच चूक ‘बेरीज चुकली’ म्हणून दहा मिनिटांत मिटली असती. संशयाची जमीन तयार होती, म्हणून सोमवारी ४१ च्या बाजूचे लोक सेटिंग म्हणाले आणि गुरुवारी २७ च्या बाजूचे.

गुरुवारी सकाळी वडिलांनी लेखी हरकत दिली: क्र. ४१ चे वय जास्त आहे. सूडापोटी आलेली हरकत आहे हे सगळ्यांना दिसत होते, तरी ती घेणेच बरोबर होते. वयाची हरकत कुणी आणि का घेतली यावर निकाल लागत नाही, कागदावर लागतो. ४१ चा जन्मदाखला काढला. दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीखही पाहावी लागते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटल्यावर ती करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शाळेत गेल्यावर, सहा-सात वर्षांनी नोंदलेला जन्म दिसला तर तिथे थांबून चौकशी करायची. इथे नोंद नवव्या दिवसाची होती. पहिलीत प्रवेश घेतानाचा जनरल रजिस्टरचा उतारा मागवला, आधार ताडून पाहिले. तिन्हीकडे तारीख एकच. निव्वळ बोनाफाईडवर भागवू नये, कारण तो आज हवा तसा लिहून मिळू शकतो. जनरल रजिस्टरमधली जुनी नोंद बदलणे कठीण असते. हाडांच्या एक्स-रेवरून वय ठरवायची टीडब्ल्यू-३ पद्धत केंद्र सरकारच्या वयचोरीविरोधी संहितेत आहे, पण कागद एकमेकांशी जुळत असताना जिल्ह्याने त्या फंदात पडायचे कारण नव्हते. हरकत त्याच संध्याकाळी लेखी फेटाळली. शुक्रवारी राज्य स्पर्धेची प्रवेशिका गेली.

किट परत

शुक्रवारी संध्याकाळी कंत्राटदारांचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि किट घेऊन गेला. पावती नव्हती, त्यामुळे ते संघटनेचे आहे असे म्हणायला आधार नव्हता. सचिवांनी अडवले नाही. दोन शाळांकडून तुकड्या-तुकड्यांनी किट जमवले. एका गोलकीपरला किकर एक नंबर मोठे पडत होते, ते आतून जाड मोजे घालून बसवले. स्पर्धेला जायची बस मात्र कंत्राटदारांनी सांगितलेलीच आली. आगाऊ पैसे त्यांनी भरले होते आणि परत मागितले नाहीत.

२७ पंधरा दिवस सरावाला आला नाही. ‘अ’ सर दोनदा घरी गेले. दुसऱ्या खेपेला आईने दार उघडले, चहा केला, म्हणाल्या, “सर, त्याला यायचंय. ह्यांना थोडा वेळ द्या.” सोळाव्या दिवशी तो शाळेच्या गणवेशात, स्टिक न घेता, मैदानाच्या कडेला येऊन बसला. सरांनी त्याला शंकू मांडायला सांगितले.

दिवाळीनंतरच्या बैठकीत संघटनेने चार गोष्टी लिहून घेतल्या. एका जागेच्या मुलांना तेच निवडकर्ते गुण देतील, आणि ‘अ’ सरांसारखी अडचण येईल तिथे बाहेरच्या जिल्ह्यातला राखीव निवडकर्ता बसेल. त्याचे येण्याजाण्याचे भाडे आणि दोन दिवसांचे जेवण आधीच खर्चात धरायचे. पाचव्या-सहाव्या जागेत तीन गुणांहून कमी अंतर असेल तर त्या मुलांचा आणखी एक सामना घ्यायचा. यादीनंतर ४८ तास लेखी अर्ज, आणि प्रवेशिकेच्या तारखेआधी किमान पाच दिवस चाचणी संपलेली. चौथी गोष्ट देणगीची. कोषाध्यक्षांनी नवे पावतीपुस्तक छापून घेतले. त्यात रकमेखाली आणखी दोन ओळी आहेत: “ही वस्तू संघटनेची मालमत्ता असून परत केली जाणार नाही. देणगीदाराचे पाल्य यंदाच्या चाचणीत असल्यास त्याचे नाव: ______.” ती रिकामी जागा भरल्याशिवाय पावती फाडायची नाही, आणि भरलेली प्रत चाचणीआधी फलकावर लावायची, असे ठरले आहे.